रिकाम्या खुर्च्या आणि अकरा महिन्यांचे संशोधन

संशोधन हा शब्द आपल्याकडे मोठ्या आदराने उच्चारला जातो. गावातला कोणी मुलगा किंवा मुलगी पीएच.डी. झाली की सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, चौकात फलक लागतो. परंतु सत्कार आटोपल्यावर ही व्यक्ती उद्यापासून कोठे काम करणार आणि किती दिवस करणार, हा प्रश्न त्या सभेत कोणी विचारीत नाही. तो विचारला जावा म्हणून हा लेखनप्रपंच.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात विज्ञान आणि अभियांत्रिकी शाखांतील संशोधनाच्या जागांवर लेख कशाला, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. त्याचे उत्तर सोपे आहे. आपण इतिहास, मराठी, अर्थशास्त्र शिकतो. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादे भावंड विज्ञान शाखेत आहे. आपल्या घरचे शेत कपाशीचे किंवा सोयाबीनचे आहे, आणि त्या शेतावरची कीड कोणी अभ्यासली की नाही, यावर आपल्या घरची वर्षाची मिळकत अवलंबून आहे. शिवाय विद्यापीठ ही सार्वजनिक संस्था आहे. तेथील जागा का रिकामी राहिली, हे विचारण्याचा अधिकार भौतिकशास्त्राच्या पदवीधराला जितका, तितकाच आपल्यालाही आहे.

वर्धेच्या माणसाला तर संशोधन परके वाटण्याचे कारणच नाही. १४ डिसेंबर १९३४ रोजी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि त्याचे ठाणे वर्धेत मगनवाडीला पडले. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. तेलघाणी, हातकागद, मधमाश्यापालन, ताडगूळ अशा साध्या वाटणाऱ्या विषयांवर तेथे पद्धतशीर प्रयोग झाले. कमी धुराची मगन चूल आणि वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप ही त्याच परिसराची देणगी. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले, ते आजही आपण पाहू शकतो. संघाच्या सल्लागार मंडळात जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासारखे वैज्ञानिक होते. म्हणजे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव आणि खेड्यातली चूल एकाच संस्थेच्या कागदावर आली होती, आणि ती संस्था आपल्या वर्धेत होती. आज मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था उभी आहे आणि २००८ पासून ती राष्ट्रीय संस्था म्हणून केंद्र शासनाच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाखाली काम करते.

रामन यांचा विषय निघाला म्हणून त्यांच्याशी संबंधित एका प्रसंगाची आठवण करून देणे आवश्यक वाटते. १९३३ साली कमला भागवत ही मराठी मुलगी मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत अव्वल आली. लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत यांची ही बहीण. तिने बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. तेव्हा संस्थेचे संचालक रामन होते. मुलगी आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी तो अर्ज फेटाळला. कमलाबाई बंगलोरला गेल्या, त्यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रहाला बसल्या, आणि अखेर अनेक अटींसह एक वर्षाच्या अजमावणीवर त्यांना प्रवेश मिळाला. वर्षभराचे काम पाहून रामन यांचे मत बदलले व पुढे इतर मुलींनाही तेथे दार उघडले. १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. नंतर कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या आणि नीरा या पेयाच्या पोषणमूल्यावर त्यांनी केलेल्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्या ताडाच्या झाडाचा विचार मगनवाडीत ग्रामोद्योग म्हणून झाला, त्याच झाडाच्या रसाचा विचार त्यांनी प्रयोगशाळेत केला.

ही कथा आपण स्त्रीशिक्षणाच्या संदर्भात अनेकदा ऐकतो. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. कमलाबाईंना अन्याय करणारा माणूस समोर दिसत होता. त्याच्या दाराशी बसता येत होते, त्याच्याकडून उत्तर मागता येत होते. आजच्या अर्जदाराला नकार देणारा कोणी दिसतच नाही. जागा आहे, पण ती भरायची नाही. जाहिरात आली, पण पुढे ढकलली. मुलाखत झाली, पण निकाल लागला नाही. अशा वेळी कोणाच्या दाराशी बसायचे?

आता जागांचा प्रत्यक्ष व्यवहार पाहू. विज्ञान व अभियांत्रिकीत संशोधन करू इच्छिणाऱ्या तरुणाला आपल्याकडे स्थूलमानाने दोन वाटा असतात. पहिली वाट विद्यापीठातील किंवा महाविद्यालयातील कायम पदाची. सहायक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली की शिकवणे आणि संशोधन दोन्ही करता येते, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करता येते, प्रयोगशाळा हळूहळू उभी करता येते. दुसरी वाट शिष्यवृत्तीची आणि प्रकल्पातील तात्पुरत्या नेमणुकीची. नेट किंवा गेट ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कनिष्ठ संशोधकाला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये व शिवाय घरभाडे असा दर केंद्राने ठरवला. पीएच.डी. नंतरच्या सहयोगी संशोधकासाठी हा आकडा ५८,००० ते ६७,००० आहे. या रकमा लहान नाहीत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अडचण रकमेची नाही, मुदतीची आहे. प्रकल्प संपला की नेमणूक संपते. अनेक जाहिरातींत मुदत अकरा महिने किंवा एक वर्ष अशी असते आणि मुदतवाढ कामावर व निधीवर अवलंबून राहील, हे वाक्य ठरलेले असते.

दुसरी वाट ही पहिल्या वाटेकडे नेणारी पायवाट असावी, अशी मूळ कल्पना. पाच वर्षे शिष्यवृत्तीवर काम करावे, दोन-तीन वर्षे प्रकल्पात घालवावी आणि मग कायम पदावर रुजू व्हावे. पण पायवाट जेथे पोचते तेथले फाटकच बंद असेल तर काय करायचे? महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांचेच पाहा. ३ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने सर्व शाखा मिळून सहायक प्राध्यापकांची ३,५८० आणि प्रयोगशाळा सहायकांची ८५६ पदे भरण्यास मान्यता मिळाली. त्यांपैकी सहायक प्राध्यापकांची १,४९२ पदे भरली गेली. मग करोना आला आणि ४ मे २०२० रोजी भरतीवर बंदी आली. उरलेल्या २,०८८ पदांना नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली. आणि मान्यता म्हणजे नेमणूक नव्हे. त्यानंतर बिंदुनामावलीची तपासणी, ना-हरकत प्रमाणपत्र, विद्यापीठाची परवानगी, जाहिरात, निवड समिती, मुलाखत आणि शेवटी सहसंचालक कार्यालयाची मान्यता असे सात दरवाजे ओलांडायचे असतात. या साऱ्या काळात पद कागदावर जिवंत असते आणि वर्गात मात्र तासिका तत्त्वावरील शिक्षक उभा असतो.

माझा मामेभाऊ रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाला, सेट उत्तीर्ण झाला, पीएच.डी.ही झाला. गेली काही वर्षे तो तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास घेतले तितक्यांचे पैसे. दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, उन्हाळ्यात तर नाहीतच. एस.टी.ने रोज जाऊन-येऊन हाती जे उरते त्यात घर चालत नाही, म्हणून संध्याकाळी तो शिकवण्या घेतो. त्याच्या प्रबंधातला विषय पुढे न्यायला त्याला वेळ नाही, प्रयोगशाळेची किल्ली नाही आणि स्वतःच्या नावावर प्रकल्प मागण्याची सोयही नाही, कारण तो त्या संस्थेचा कायम सेवक नाही. मामी विचारते, "बाबू, एवढं शिकून पक्की नोकरी कधी लागंल?" त्याच्याजवळ उत्तर नसते. एका कुटुंबाने पंचवीस वर्षे पोटाला चिमटा काढून शिक्षण दिले, शासनाने शिष्यवृत्ती दिली, विद्यापीठाने पदवी दिली. आणि या साऱ्यांनी मिळून जो संशोधक तयार केला, त्याच्याकडून आपण संशोधन सोडून बाकी सर्व करून घेत आहोत.

त्यात नियमही स्थिर नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी विद्यापीठ विभागातील सहायक प्राध्यापकासाठी जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य केली. करोनामुळे ही तारीख जुलै २०२३ वर गेली. आणि ती तारीख उजाडण्याच्या आदल्या दिवशी, ३० जून २०२३ च्या अधिसूचनेने, नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता ठरली व पीएच.डी. ऐच्छिक झाली. कोणता नियम बरा, यावर मतभेद असू शकतात. परंतु पीएच.डी.ला पाच वर्षे लागतात आणि नियम मात्र पाच वर्षे टिकत नाही, हे बरे नव्हे. शहरातल्या, ओळखीपाळखीच्या घरातल्या मुलाला वारे कोठे वळते आहे ते आधी कळते. कारंजा-आष्टीच्या मुलीला ते कळते तेव्हा तिचे वय निघून गेलेले असते.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, विद्यापीठातल्या संशोधनाने सामान्य माणसाचे काय भले झाले? कागदावर कागद छापले जातात, इतकेच. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. केवळ बढतीसाठी लिहिलेले निबंध आपल्याकडे कमी नाहीत. पण त्यावरून संशोधनच नको म्हणणे म्हणजे पीक कमी आले म्हणून पेरणीच बंद करण्यासारखे आहे. आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणे घेऊ.

पहिले कपाशीचे. २००२ साली बी.टी. कपाशीला देशात परवानगी मिळाली आणि काही वर्षे बोंडअळीचा त्रास कमी झाला. मग गुलाबी बोंडअळीने त्या विषाला दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीचे अतोनात नुकसान केले. कीड अशी बदलत असते, म्हणून तिच्या मागे अभ्यासकही सतत असावा लागतो. पारंपरिक पद्धतीने कपाशीचे नवे वाण तयार करून शेतकऱ्याच्या हाती द्यायला दहा-बारा वर्षे लागू शकतात. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आणि अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून या कामात आहे. आता हिशेब करा : अकरा महिन्यांच्या नेमणुकीत कपाशीचा एकच हंगाम बसतो. यंदा ज्याने झाडे मोजली, तो पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी दुसऱ्या नोकरीत असतो. नव्या माणसाला पुन्हा श्रीगणेशा. अशाने दहा वर्षांचे काम होत नाही. एक वर्षाचे काम दहा वेळा होते.

दुसरे उदाहरण हळदीचे. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यातील कुरकुमीनचे प्रमाण जास्त म्हणून तिची ख्याती. हे प्रमाण कोणत्या मातीमुळे, कोणत्या वाणामुळे, उकळण्या-वाळवण्याच्या कोणत्या पद्धतीने टिकते, हे प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या रसायनशास्त्राच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या विभागांनी वर्षानुवर्षे हाती धरावेत असे आहेत. हळदीचाच आणखी एक धडा आहे. जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुराव्यांत जुन्या संस्कृत ग्रंथाबरोबर १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला एक शोधनिबंधही होता. तो निबंध लिहिणाऱ्याला चव्वेचाळीस वर्षांनी त्याचा असा उपयोग होईल याची कल्पना नसणार. संशोधनाचा लाभ कधी आणि कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच त्याची सोय कायमची असावी लागते.

दुसरा आक्षेप पैशाचा. तिजोरीत पैसा नाही, असे सांगितले जाते. २०२०-२१ मध्ये आपल्या देशाचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. दक्षिण कोरियासारखा लहान देश साडेचार टक्क्यांहून अधिक खर्च करतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या या खर्चात उच्च शिक्षण संस्थांचा वाटा ८.८ टक्के होता. शंभरातले नऊ रुपयेदेखील नाहीत. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि मोठ्या संस्थांनी लहान विद्यापीठांना हाताशी धरावे अशी योजनाही आली. हे स्वागतार्ह आहे. पण प्रकल्प मागायला विभागात कायम प्राध्यापक असावा लागतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? माणूसच नसेल तर निधी आला तरी तो ज्यांच्याकडे माणसे आहेत त्यांच्याकडेच जाईल, आणि मुंबई-पुणे व वर्धा-हिंगणघाट यांतले अंतर वाढतच राहील.

समाजाचीही याबाबत काही परंपरा आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी तंत्रशिक्षणासाठी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाच्या नावे ठेवली, त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयात शिकले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम हा महासंगणक तयार झाला. एका देणगीदाराने इमारत आणि पदे उभी केली. एका शासकीय निर्णयाने नवी संस्था उभी केली. गुणवत्ता दोन्हीकडे होती, पण तिला बसायला जागा आधी तयार झाली होती, हे विसरून चालणार नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप नसून कुजबुज आहे. अनुदानित संस्थेत जागा निघाली की आपल्याकडे घराघरांत पहिला प्रश्न येतो तो "किती लागतात?" असा. प्रत्येक नेमणूक अशीच होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. निव्वळ गुणवत्तेवर लागलेले शिक्षक आपल्या समोर आहेत. पण हा प्रश्न विचारला जावा, इतका अविश्वास निर्माण झाला आहे, ही गोष्ट काय कमी आहे? हुशार पण गरीब मुलगा अर्ज करण्याआधीच माघार घेतो, ती या प्रश्नामुळे. हा अविश्वास दूर करण्याचा उपाय कठीण नाही. प्रत्येक उमेदवाराला कोणत्या बाबीसाठी किती गुण दिले, हे मुलाखतीनंतर ठरावीक दिवसांत संस्थेने फलकावर लावावे. ज्याला जागा मिळाली नाही त्यालाही का मिळाली नाही हे कळावे. कमलाबाईंना निदान कारण तरी सांगितले गेले होते.

शासनाकडे मागणी करावयाची ती एवढीच : जे पद निवृत्तीने रिकामे होणार हे पाच वर्षे आधी माहीत असते, त्याची भरतीप्रक्रिया निवृत्तीपूर्वीच सुरू व्हावी. पात्रतेचा नियम बदलायचा झाल्यास तो पुढे नाव नोंदवणाऱ्यांना लागू करावा, निम्म्या वाटेवर असलेल्यांना नव्हे. आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला संपूर्ण वर्षाचे वेतन व प्रयोगशाळा वापरण्याची मुभा मिळावी.

परंतु सर्वच भार शासनावर टाकून आपण मोकळे होणे बरे नाही. विद्यार्थी मित्रहो, आपण कला शाखेचे. भाषा हे आपले हत्यार. संशोधनाच्या जागांच्या जाहिराती बहुधा इंग्रजीत, संस्थांच्या संकेतस्थळांच्या कोपऱ्यात असतात. थेट मुलाखत, प्रवासखर्च मिळणार नाही, मूळ कागदपत्रे सोबत आणावीत, अशी त्यांची भाषा. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी मुलांना अशी जागा असते हेच ठाऊक नसते. ठाऊक झाले तेव्हा सेवाग्राम एक्सप्रेसचे तिकीट काढायलाही वेळ उरलेला नसतो. आपल्या ग्रंथालयाच्या दाराशी एक फलक लावावा. आपल्यापैकी पाच जणांनी दर शनिवारी बसून नागपूर, मुंबई, पुण्याच्या विद्यापीठांच्या व राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या जाहिराती वाचाव्यात आणि त्यांचा सारांश सोप्या मराठीत त्या फलकावर लिहावा : जागा कोणती, पात्रता काय, मुदत किती, पगार किती, अर्जाची शेवटची तारीख कोणती. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयालाही त्याची एक प्रत पाठवावी. याला पैसा लागत नाही, परवानगीही फारशी लागत नाही.

आणि ज्या जागा जाहीर होऊनही भरल्या जात नाहीत, त्यांची तारीखवार नोंद त्याच फलकाच्या उजव्या बाजूला ठेवावी. जागा कधी जाहीर झाली, मुलाखत कधी ठरली, कितव्यांदा पुढे गेली, सर्व काही. वर्षाअखेर ती नोंद याच वार्षिकांकात छापावी. पुढच्या अंकात ती यादी आखूड झालेली दिसली, तर आपल्या हातून काही काम झाले असे म्हणता येईल. लांबलेली दिसली, तर निदान कोणाच्या दाराशी जाऊन बसायचे हे आपल्याला ठाऊक झालेले असेल.